सोशल मीडियावरच्या राजकीय बातमीवर किती विश्वास ठेवायचा? दावा सुटा करून तपासण्याची पद्धत

मोबाइलवर आलेली राजकीय बातमी खरी की खोटी, असं बहुतेक जण विचारतात आणि तिथेच अडकतात. एका पोस्टमध्ये सहसा चार-पाच दावे एकमेकांना चिकटवलेले असतात. एखादा खरा, दोन अर्धवट, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तो बिनबुडाचा. खऱ्या दाव्याच्या आडून खोटा दावा पदरात पडतो. म्हणून विश्वास अख्ख्या पोस्टवर ठेवायचा नाही, ती पाठवणाऱ्या माणसावरही नाही. एकेक दावा सुटा करायचा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: सांगणाऱ्याला हे कळलं कसं?

तपासणी म्हणजे सगळ्यावर संशय नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या डिजिटल न्यूज रिपोर्टमध्ये ४७ देश-प्रदेशांतल्या लोकांना विचारलं, तेव्हा 'बहुतेक बातम्यांवर बहुतेक वेळा विश्वास ठेवतो' असं म्हणणारे जेमतेम ४० टक्के निघाले. 'सगळेच खोटं बोलतात' ही भूमिका सावध वाटते, पण तिचा फायदा खोटं बोलणाऱ्यालाच होतो. खरी चित्रफीत समोर आली तरी 'ती बनावट आहे' म्हणून त्याला सुटता येतं. तपासून झाल्यावर खऱ्या बातमीवर ठामपणे विश्वास ठेवता आला पाहिजे. नाहीतर तपासणी फुकट गेली.

आधी हात थांबवा

पोस्ट वाचून राग आला, किळस वाटली किंवा 'बघा, मी म्हणत नव्हतो!' असं झालं, तर त्याच क्षणी थांबा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागत होता. सगळ्यात वेगाने आणि दूरवर पसरत होत्या त्या खोट्या राजकीय बातम्या. याचा दोष यंत्रांना देता येत नाही. स्वयंचलित खाती खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवत होती; फरक पाडत होती माणसं. खोटी बातमी नवीन आणि चकित करणारी असते, म्हणून बोट चटकन 'शेअर'वर जातं.

थांबण्याचं दुसरं कारण म्हणजे पुनरावृत्ती. एखादं विधान वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे १९७७ मधल्या प्रयोगापासून माहीत आहे. चार ग्रुपवर तोच मजकूर दिसला तर 'सगळीकडे आलंय' असं वाटतं. पण मजकूर शब्दन् शब्द तोच असेल, तर तो चौघांनी सांगितलेला नाही. एकाने लिहिला आणि चौघांनी ढकलला.

दावे सुटे करा

नमुन्यासाठी एक काल्पनिक पोस्ट घेऊ:

'धक्कादायक! काल मध्यरात्री संसदेने गुपचूप कायदा मंजूर केला. पुढच्या महिन्यापासून सर्वांचं निवृत्तिवेतन ४० टक्क्यांनी कमी! विरोधकांनी सभागृह कसं डोक्यावर घेतलं ते पाहा. वाहिन्या हे दाखवणार नाहीत. डिलीट व्हायच्या आत पुढे पाठवा.' खाली ४० सेकंदांचा व्हिडिओ.

कागद घ्या किंवा फोनच्या नोंदवहीत लिहा. एक: काल संसदेने काहीतरी मंजूर केलं. दोन: ते गुपचूप केलं. तीन: निवृत्तिवेतन ४० टक्क्यांनी घटलं. चार: सर्वांचं घटलं. पाच: पुढच्या महिन्यापासून. सहा: व्हिडिओ त्याच प्रसंगाचा आहे. सात: वाहिन्या दाखवणार नाहीत.

यातलं 'गुपचूप' हे मत आहे, ते बाजूला ठेवा. सातव्याकडे मात्र नीट बघा, कारण तो दावा नाहीच, कुंपण आहे. बातमी इतर कुठेच सापडली नाही, तर तुम्हाला शंका यायला हवी. हे वाक्य त्याच गोष्टीला पुरावा बनवतं. 'बघा, सापडत नाही म्हणजे दाबली!' असं वाक्य ज्या पोस्टमध्ये आहे, ती आधी तपासायला घ्या. उरलेले पाच दावे तपासण्याजोगे आहेत.

पान सोडून बाहेर जा

सांगणारा कोण, हे त्याच्याच पानावर बसून कळत नाही. स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि रुबाबदार बोधचिन्ह, भारदस्त नाव यांना फसले. तपासनीस काही क्षणांतच ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि इतर लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते शोधू लागले. ते कमी वेळात अचूक उत्तरापर्यंत पोहोचले.

तुम्हीही तेच करा. पहिल्या टॅबमध्ये खात्याचं किंवा संस्थेचं नाव टाका आणि ती कोण चालवतं ते बघा. दुसऱ्यात त्या नावापुढे 'खोटी बातमी' किंवा 'पक्ष' असे शब्द जोडून शोधा. तिसऱ्यात मूळ दाव्यातले चार-पाच ठोस शब्द टाका. विशेषणं टाकू नका, कारण 'धक्कादायक' टाकलं की तशाच पोस्ट हाती लागतात. दोन मिनिटं पुरतात. 'आमच्याविषयी' हे पान पुरावा म्हणून धरू नका, तिथे प्रत्येक जण निष्पक्षच असतो.

खातं बघताना फेसबुकवर पानाच्या पारदर्शकतेचा भाग उघडा. पान कधी सुरू झालं, पूर्वी त्याची नावं काय होती, चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे दिसू शकतं. तीन वर्षं विनोदांचं असलेलं पान निवडणुकीच्या तोंडावर 'जनतेचा आवाज' झालं असेल, तर अनुयायांचा आकडा बातमीमुळे जमलेला नाही. एक्सवरच्या (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या) निळ्या खुणेचा अर्थही बदलला आहे. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या पडताळलेल्या खात्यांच्या खुणा काढल्या गेल्या आणि पैसे भरणाऱ्याला ती त्याआधीच मिळू लागली होती, त्यामुळे ती आता ओळखीची हमी नाही. नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर वाचा. छोटं एल आणि मोठं आय, शून्य आणि ओ यांची अदलाबदल करून हुबेहूब खाती बनवली जातात.

मूळ कागदापर्यंत पोहोचा

स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. एखाद्या नेत्याच्या नावाची पोस्ट चित्रात बनवायला दोन मिनिटं लागतात. त्यातले सलग सहा-आठ शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. एक्सच्या प्रगत शोधात खात्याचं नाव आणि दोन तारखा घातल्या, तर त्या काळातल्या पोस्ट सुट्या काढता येतात. पोस्ट काढून टाकली असेल, तर वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर तिचा पत्ता टाकून बघा. तिथे नोंद सापडली तर उत्तम. नाही सापडली तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण प्रत्येक पान तिथे साठवलेलं नसतं.

राजकीय बातम्यांत सर्वात जास्त घोटाळा क्रियापदात होतो. समितीने शिफारस करणं, मसुदा हरकतींसाठी खुला होणं, विधेयक मांडलं जाणं, सभागृहात मंजूर होणं, कायदा म्हणून अधिसूचित होणं आणि प्रत्यक्ष लागू होणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. मध्ये महिने किंवा वर्षं जातात. न्यायालयाचंही तसंच. याचिका दाखल होणं, सुनावणीत न्यायाधीशांनी तोंडी शेरा मारणं, अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल यांतलं काहीही पोस्टमध्ये 'न्यायालयाने फटकारलं' होऊन येतं. म्हणून संसदेचं, मंत्रालयाचं, न्यायालयाचं किंवा निवडणूक यंत्रणेचं अधिकृत संकेतस्थळ उघडा, कागदाची तारीख बघा आणि तो कोणत्या पायरीवर आहे ते लिहा.

आपल्या नमुन्यातला कागद सापडला असं समजू. तो कायदा नाही, एका समितीचा अहवाल आहे. त्यात सुचवलंय की निवृत्तिवेतनातली वार्षिक वाढ ५ टक्क्यांऐवजी ३ टक्के करावी, आणि तीही पुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी. आता ४० टक्के कुठून आले ते दिसतं. ५ वरून ३ म्हणजे वाढीत २ टक्केबिंदूंची (दोन टक्केवारींमधल्या सरळ फरकाची) घट, आणि २ म्हणजे ५ चे ४० टक्के. आकडा खोटा नाही. तो चुकीच्या गोष्टीला लावलाय. १०,००० निवृत्तिवेतन असेल, तर पुढच्या वर्षी १०,५०० ऐवजी १०,३०० होईल. पोस्ट वाचणाऱ्याला वाटतं ६,००० होणार. प्रस्तावावर टीका करायला भरपूर जागा आहे आणि ती करावीही, पण पोस्टने त्या टीकेऐवजी भीती विकली.

आकड्याला तीन प्रश्न

कशाचे टक्के? कधीपासून कधीपर्यंत? कोणी मोजले? बेरोजगारी ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेली, तर एक गट म्हणेल '१ टक्का वाढली' आणि दुसरा 'थेट २५ टक्क्यांनी वाढली'. टक्केबिंदू म्हटलं तर पहिला बरोबर, दुसराही बरोबर. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. तुलना कोणत्या वर्षापासून सुरू केली ते मुद्दाम बघा, कारण सोयीचं वर्ष निवडून कुठलीही रेघ चढती करता येते. आलेख असेल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, तेही बघा.

जनमत चाचण्यांबाबत एक हिशेब पाठ करून ठेवा. नीट यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारख्या, पद्धतीने निवडलेल्या १,००० लोकांच्या नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीला, म्हणजे अशा १०० पैकी साधारण ९५ चाचण्यांत टिकेल अशी, चूक सुमारे ३ टक्केबिंदू इकडे-तिकडे धरतात. हे एका पक्षाच्या आकड्यापुरतं. चुरशीच्या लढतीत दोघांतल्या अंतरावरची चूक जवळपास दुप्पट होते. त्यामुळे ४६ विरुद्ध ४२ ला 'आघाडी पक्की' म्हणणारा मथळा आकड्यापलीकडे गेलाय. यूट्यूबवर किंवा फेसबुकवर बटण दाबून घेतलेल्या कौलाला तर ही चूकही लावता येत नाही. तिथे नमुना निवडलेलाच नसतो, पाच लाख लोकांनी मत दिलं असलं तरी.

फोटो, व्हिडिओ आणि आवाज

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा खूप होते, पण नेहमी भेटणारी फसवणूक जुनीच आहे: खरा व्हिडिओ, खोटी तारीख. दुसऱ्या देशातली दंगल, पाच वर्षांपूर्वीची गर्दी, वेगळ्याच विषयावरचा गदारोळ.

व्हिडिओ थांबवून तीन-चार स्थिर चित्रं काढा. पहिलं दूरचं दृश्य, एक पाट्या किंवा इमारती दिसणारं, एक ओळखीचे चेहरे असलेलं. वर चिकटवलेली अक्षरं आणि वाहिनीचं चिन्ह कापा, मग गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्सवर शोधा. एकावर थांबू नका, तिघांचे साठे वेगळे आहेत. टिनआयवर सर्वात जुना निकाल आधी लावता येतो. काहीच सापडलं नाही तर चित्र डावं-उजवं उलटवून पुन्हा टाका. शोधयंत्राला चकवण्यासाठी बनवणारे तेच करतात. हे काम सोपं करायला इनव्हिड-वीव्हेरिफाय नावाचं ब्राउझरला जोडायचं साधन मोफत मिळतं. जुनी तारीख सापडली तर एवढंच सिद्ध होतं की चित्र त्या दिवशी अस्तित्वात होतं. मूळ त्याहून जुनं असू शकतं.

कापलेली क्लिप ही दुसरी अडचण. नेता म्हणतो 'काही जण म्हणतात की...' आणि क्लिप त्यापुढून सुरू होते. भाषणाचं पूर्ण चित्रण शोधा आणि क्लिपच्या आधीचा आणि नंतरचा एकेक मिनिट ऐका. वेगही बदलतात. मे २०१९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांचा व्हिडिओ सुमारे ७५ टक्के वेगाने चालवून त्या नशेत असल्याचा भास निर्माण केला गेला. कसलंही प्रगत तंत्रज्ञान त्याला लागलं नव्हतं.

नुसता आवाज असेल तर सर्वात जास्त जपा. स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ च्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेचका यांच्या आवाजातली बनावट ध्वनिफीत पसरली. मतदानापूर्वीच्या प्रचारबंदीचा काळ असल्याने खुलासा पोहोचवणं आणखी अवघड झालं. आवाजात बघण्यासारखं काही नसतं: ना पार्श्वभूमी, ना ओठ, ना पाटी. बोटं मोजा, पापण्या लवतात का बघा, हे सल्ले तर चित्रांसाठीसुद्धा जुने झालेत. आणि 'बनावट असण्याची शक्यता ८७ टक्के' असं सांगणारी स्वयंचलित साधनं दाबलेल्या, पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फाइलवर सहज चुकतात. त्यापेक्षा विचारा: हे कोणी रेकॉर्ड केलं, कुठे, कधी, आणि सर्वात आधी कोणी टाकलं? चारही उत्तरं नसतील आणि मतदान तोंडावर असेल, तर त्या ध्वनिफितीच्या आधाराने काहीही ठरवू नका.

दुजोरा मोजताना

दहा संकेतस्थळांवर बातमी आहे म्हणजे दहा स्रोत झाले असं नाही. दहाही जण एकाच वृत्तसंस्थेचा किंवा एकाच ट्वीटचा हवाला देत असतील तर स्रोत एकच. प्रत्येक बातमीत 'कळलं कसं' ते शोधा: बातमीदार तिथे होता का, कागद पाहिला का, नाव देऊन कोणी बोललं का. 'सूत्रांनुसार' असेल तर लगेच टाकून देऊ नका; ती बातमी देणाऱ्या संस्थेचा पूर्वीचा हिशेब बघा.

तथ्यतपासणी संस्थांचा उपयोग करा. अशा संस्थांचं आंतरराष्ट्रीय जाळं, आयएफसीएन, २०१५ मध्ये पॉइंटर या अमेरिकेतल्या पत्रकारिता संस्थेत सुरू झालं आणि त्याची आचारसंहिता मानणाऱ्या सदस्यांची यादी खुली आहे. पण 'खोटं' हा शिक्का वाचून परत फिरू नका, त्यांनी दिलेला पुरावा उघडा. शिक्क्याची उलटी बाजूही आहे: २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की काही खोट्या बातम्यांवर इशारा लावला, की इशारा नसलेल्या खोट्या बातम्या लोकांना जास्त खऱ्या वाटतात. एक्सवरच्या सामुदायिक टिपांचंही असंच. वेगवेगळ्या मतांच्या लोकांना टीप उपयुक्त वाटल्यावरच ती दिसते, त्यामुळे टीप नाही याचा अर्थ आक्षेप नाही असा होत नाही.

आपल्या बाजूची बातमी जास्त कडक तपासा

ही पायरी लोक गाळतात, आणि खरी गळती इथेच आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना लेबनॉनच्या बैरूतमधल्या १९८२ च्या हत्याकांडाच्या त्याच बातम्या दाखवल्या. दोन्ही गटांना त्या आपल्या विरोधात झुकलेल्या वाटल्या. आपल्याला न पटणारी बातमी आपण वकिलासारखी तपासतो आणि पटणारी पाहुण्यासारखी घरात घेतो. उपाय साधा आहे. पोस्टमधल्या नेत्याच्या जागी विरोधी नेत्याचं नाव घाला आणि पुन्हा वाचा. आता 'पुरावा कुठाय?' असं तोंडून निघालं, तर तोच प्रश्न मूळ पोस्टलाही विचारा.

निर्णय चार खान्यांत

प्रत्येक दाव्यापुढे लिहा: पक्कं, बहुधा, अजून कळलेलं नाही, किंवा खोटं. तिसरा खाना वापरायला लाजू नका. ताज्या घटनेत पहिल्या काही तासांत खरं उत्तर बहुतेकदा तेच असतं. २४ तासांनी परत बघा. वेळेची मर्यादाही घाला. दहा मिनिटांत निकाल लागला नाही तर 'कळलेलं नाही' लिहा आणि पुढे पाठवू नका. नमुन्यातली पोस्ट अशी संपते: 'काल काहीतरी झालं' बहुधा, कारण अहवाल मांडला गेला. 'मंजूर' खोटं. '४० टक्के कपात' खोटं. 'सर्वांचं' खोटं. 'पुढच्या महिन्यापासून' खोटं. व्हिडिओ जुना निघाला तर सहावाही खोटा.

रोज प्रत्येक पोस्टवर एवढं करणं कोणालाच जमणार नाही. म्हणून पाच-सहा स्रोत निवडा आणि दोन-तीन महिने त्यांचा हिशेब ठेवा. चूक झाल्यावर दुरुस्ती ठळक छापतात का, बातमी आणि मत वेगळं ठेवतात का, बातमीदाराचं नाव देतात का, मूळ कागदाचा दुवा देतात का. यात टिकणाऱ्यावर विश्वास टाका, आणि तो मोकळ्या मनाने टाका.

दुसऱ्याला सांगताना, आणि स्वतः चुकल्यावर

चूक दाखवली की माणूस आणखी हट्टाला पेटतो, अशी भीती २०१० च्या सुमाराच्या संशोधनामुळे पसरली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगमालिकेत तसं क्वचितच दिसलं. दुरुस्ती बहुतेकदा उपयोगी पडते. ग्रुपवर चारचौघांत न सांगता खासगीत सांगा. सुरुवात खऱ्या गोष्टीने करा: 'काका, कायदा झालेला नाही, समितीचा अहवाल आहे. वाढ ५ वरून ३ टक्के करायचं सुचवलंय, हा बघा कागद.' खोटं वाक्य पुन्हा मोठ्या अक्षरांत लिहू नका, तेच लक्षात राहतं.

व्हॉट्सॲपवर संदेशावर दोन बाण दिसले, तर तो किमान पाच वेळा फॉरवर्डच्या साखळीतून आलाय. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण नाहीसे होतात, म्हणून बाण नसलेला लांबलचक मजकूर मित्राने स्वतः लिहिलाय असं धरू नका. चुकीची पोस्ट तुमच्याच हातून गेली असेल, तर साधारण अडीच दिवसांच्या आत ती सर्वांसाठी काढून टाकता येते. पण नुसती काढू नका. ज्यांनी ती वाचली त्यांच्या डोक्यात ४० टक्क्यांचा आकडा राहिलेला असतो. ज्या ज्या ग्रुपवर पाठवली होती, तिथे दोन ओळी टाका: काय चुकीचं होतं, खरं काय आहे, आणि मूळ कागदाचा दुवा.